जावईबापूंच्या पाठीवरचा चौकोन

तर त्या बाई लिफ्टमध्ये अडकलेल्या, धड तिसऱ्या मजल्यावर नाही, धड चौथ्यावर नाही, आणि डोक्यावरून हा आवाज. घशातून निघणारा नव्हे, पोटाच्या तळातून खरवडून काढलेला. निवृत्त मुख्याध्यापिका त्या, घाबरणाऱ्यातल्या नव्हेत. छत्रीच्या टोकानं लिफ्टच्या छताला ठोकत त्या वर बघून म्हणाल्या, "अहो, आधी त्या बिचाऱ्याला सोडवा. मी थांबते."

तो बिचारा म्हणजे आमचे जावई. लिफ्टच्या डब्याच्या टपावर उभे राहून दोर तपासत होते, आणि तपासता तपासता गात होते. काल तुम्ही सगळे एवढे हसलात की पुढचं राहूनच गेलं. खरं सांगायचं ते पुढचंच आहे, आणि ते हसण्यासारखं नाही.

लिफ्टचा दोर कसा तपासतात माहीत आहे? मलाही माहीत नव्हतं. हातात जुनं फडकं घ्यायचं, दोराभोवती सैल धरायचं आणि लिफ्ट हळूहळू चालवायची. कुठे एखादी तार तुटून वर आली असेल तर फडकं तिथे अडकतं. डोळ्याला दिसत नाही ते फडक्याला कळतं. जावईबापू या कामात इतके वाकबगार की दुसऱ्या कंपनीची माणसंसुद्धा त्यांना विचारायला येत. पण काम करताना तोंड बंद ठेवायचं म्हटलं तर त्यांना जमत नसे. म्हणत, "मामा, लिफ्टच्या बोगद्यात आवाज काय घुमतो म्हणून सांगू. असा घुमट राजालासुद्धा मिळाला नसेल."

ते गात ते हेवी मेटल, तेही एकाच बँडचं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, पिठाच्या गिरणीचा पट्टा तुटलाय आणि गिरणीवाला आत अडकलाय. आमच्या हिनं तर लग्नाआधी त्यांचे पाठीवर रुळणारे केस बघून मुलीला एवढंच विचारलं होतं की, घरात एकाचंच तेल आणायचं की दोघांचं. पण माणूस सोन्यासारखा. कधी आवाज चढवला नाही, सगळा आवाज त्या गाण्यातच खर्च व्हायचा.

या बँडचे वेडे आमच्या शहरात चौदा जण होते. मोजून चौदा. दर रविवारी सकाळी एका शिंप्याच्या दुकानात जमत. हा शिंपी जावईबापूंचा शाळेपासूनचा मित्र. अंगानं काटकुळा, आणि तोंडात कायम टाचण्या धरलेल्या, म्हणून सगळे त्याला टाचणीच म्हणत. रविवारी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढायचं, कापडाच्या ठाणांवर बसायचं, तबकडी लावायची, आणि एक बाजू पूर्ण संपेपर्यंत कोणी अवाक्षर काढायचं नाही. मी एकदा गेलो होतो, मधेच शिंकलो तर सगळ्यांनी वळून पाहिलं.

त्यांचा एक नेम होता. प्रत्येकाच्या जीनच्या जाकिटावर, पाठीच्या मधोमध, बँडची खूण असलेला कापडी तुकडा शिवलेला असायचा. फुटकी ऐरण, वीतभर चौकोनात. तो शिवायचा टाचणीनंच, आणि हातानं, मशीनवर नाही. एकदा शिवला की काढायचा नाही. जाकीट फाटलं तर त्या चौकोनासकट कापड कापून नव्या जाकिटाला लावायचं. जावईबापूंच्या पाठीवरचा तुकडा बावीस वर्षांचा होता. टाका इतका बारीक की आमची ही, जिला शिवणातलं कळतं, ती चष्मा लावून बघत बसली आणि म्हणाली, "याच्याकडून माझे ब्लाऊज का नाही शिवून घेत?"

असं सगळं छान चाललेलं असताना त्या बँडचा मुख्य गायक बँड सोडून गेला.

आता तुम्ही म्हणाल, गेला तर गेला. मीही तेच म्हणालो, आणि आठ दिवस जावयानं माझ्याशी जेवणापुरतंच बोलणं ठेवलं. बँडनं चार ओळींचं निवेदन काढलं की घशाला विश्रांती हवी आहे. त्यावर कोणाचा विश्वास बसला नाही. महिन्याभरात नवा गायक आला, चोवीस वर्षांचा, आधी घरांना रंग द्यायची कामं करणारा. मग काय, त्या दुकानात तीन रविवार तबकडी लागलीच नाही, नुसती भांडणं.

दातांच्या दवाखान्यात नावनोंदणीला बसणाऱ्या एक बाई त्यांच्यात होत्या. त्यांचं म्हणणं, गिटार तीच, ढोल तेच, पण आईला फोन लावावा आणि शेजारणीनं उचलावा तसं वाटतं. शाळेची बस चालवणारा एक होता, तो म्हणे, खुशाल गाऊ दे पोराला, पण दुकानावरची पाटी बदला. जुन्या नावानं नवा माल विकायचा नाही. एकदोघांना नवा आवाज मनातून आवडला होता, पण ते चोरून ऐकत. आणि जावईबापू सगळ्यांच्या पुढे. त्यांनी नव्या गायकाचं एकही गाणं ऐकलं नव्हतं आणि ऐकणारही नव्हते. ऐकलं तर आवडेल की काय अशी भीती असावी, असं आपलं मला वाटतं.

टाचणी एकटाच म्हणत होता की आधी ऐकू या. तो जावईबापूंना म्हणाला, "तू लिफ्टचे दोर बदलतोस ना? मग लोक काय जिन्यानं जातात?"

"दोर गात नाही," जावईबापू म्हणाले.

यावर सगळे हसले आणि वाद जावईबापूंनी जिंकला. असे वाद जिंकलेले फार महागात पडतात.

पुढच्या वर्षी बँड नव्या गायकाला घेऊन आमच्या शहरात आला. त्यांचं एक गाणं आहे, त्यात मधेच सगळी वाद्यं एकदम थांबतात आणि गायक एक ओळ सोडून देतो. ती ओळ ऐकणाऱ्यांनी म्हणायची. वर्षानुवर्षांची रीत. हजारो माणसं एका दमात म्हणतात तेव्हा म्हणे छातीत धक्का बसतो. जावईबापूंनी ठरवलं की या वेळी ती ओळ कोणीच म्हणायची नाही. जागा रिकामी ठेवायची. आरडाओरडा नाही, फेकाफेक नाही, नुसतं गप्प राहायचं. त्यांनी सगळीकडे निरोप पाठवले, आजूबाजूच्या गावांतल्या मंडळींनासुद्धा. लिफ्टचा माणूस, काम चोख.

संध्याकाळी उन्हं उतरत असताना मैदानावर ते गाणं सुरू झालं. ती जागा आली. ढोल थांबला, गिटार थांबली, पोरानं माईक लोकांकडे धरला. आणि दोन हजार माणसं गप्प. स्टेजमागच्या जनरेटरची घरघर ऐकू येत होती म्हणे. तो पोरगा माईक धरून तसाच उभा.

आणि मग टाचणीनं ती ओळ म्हटली. एकट्यानं. त्याचा आवाज त्याच्या अंगासारखाच, बारीक आणि वाकडा. सूर तर कुठल्या कुठे. पण पूर्ण ओळ म्हटली, शेवटच्या शब्दापर्यंत. पोरानं आवाज कुठून आला ते शोधलं, छातीवर हात ठेवून मान लववली आणि पुढे गाऊ लागला. लोक हसले. पहिले हसले ते आमचे जावई.

फाटकापाशी दोघांची गाठ पडली. जावईबापू म्हणाले की, तू मला सगळ्यांदेखत तोंडघशी पाडलंस, शाळेपासूनच्या मैत्रीची चांगली परतफेड केलीस. टाचणी म्हणाला, "अरे, तो पोरगा तिथे एकटा उभा होता रे. मला नाही बघवलं."

एवढंच. यात रागावण्यासारखं काय होतं, मला विचाराल तर आजही सांगता यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावईबापू आमच्या ओट्यावर ब्लेड घेऊन बसले. मी चहा घेऊन गेलो तर मांडीवर जाकीट, आणि ते एकेक टाका उसवत होते. मी म्हटलं, अहो, राग आवरा, दोन दिवस जाऊ द्या. त्यांचं ब्लेड चालूच. टाके निघता निघत नव्हते, तासभर लागला. मग तो तुकडा घेऊन ते दुकानात गेले, टाचणीच्या मशीनवर ठेवला आणि म्हणाले, "तुझा टाका माझ्या पाठीवर नको."

टाचणीच्या तोंडात टाचण्या होत्या. बोलता आलं नसेल किंवा बोलायचं नसेल.

जाकीट मात्र जावईबापूंनी टाकलं नाही. तेच घालून हिंडत. बावीस वर्षांत सगळं जाकीट विटून पांढुरकं झालेलं, पण तुकड्याखाली ऊन पोचलं नव्हतं. तिथे कापड नव्यासारखं गडद निळं. पाठमोरे चालू लागले की चौकोन लांबून दिसायचा. त्या चौदांतलं कोणी रस्त्यात भेटलं की आधी पाठीकडे बघायचं आणि मग बोलायचं.

टाचणीच्या दुकानातले रविवार बंद झाले. जावईबापूंनी बैठक आमच्या पुढच्या खोलीत हलवली. पहिल्या वेळी नऊ आले, नंतर चार. तबकड्या जुन्याच, पण त्या संपेपर्यंत गप्प बसायला कोणी तयार नसे. नव्या गायकाला शिव्या घालायची घाई. शेवटी त्या दवाखान्यातल्या बाई चप्पल घालता घालता म्हणाल्या की आपण आता ऐकायला जमत नाही, रागवायला जमतो, आणि रागवायला मला घरी नवरा आहे. त्या गेल्या त्या गेल्याच. मग खोलीत जावईबापू आणि मी. मला ढोलाचा आणि गिटारीचा फरक तोवर कळायला लागला होता, पण टाचणीची जागा भरून काढावी एवढा काही मी नव्हे.

आणि माझंही चुकलंच. टाचणीच्या वाकड्या आवाजाचा किस्सा मी पाच वर्षं लोकांना सांगितला. नक्कल करून. पाहुणे पोट धरून हसायचे. जावईबापूसुद्धा ऐकायचे, आणि मी समजायचो की त्यांना मजा वाटते.

पाच वर्षांनी बातमी आली की जुना गायक परत येतोय. जावईबापूंनी ऑफिसला रजा टाकली. मुलगी नको म्हणाली, म्हणून तिच्या तिकिटावर मी गेलो, कानात कापसाचे बोळे घालून. मैदान तेच. म्हातारा आता सावकाश चालत होता, वरचे सूर गाठताना मान वाकडी करत होता. पण लोक वेडे झाले होते, आणि जावईबापू रडत होते.

मग मध्यावर त्यानं पडद्यामागे हात केला आणि नव्या गायकाला बोलावलं. तो पोरगा धावत आला. दोघांनी एकमेकांना मिठी मारली. म्हातारा म्हणाला की माझ्या घशावर शस्त्रक्रिया झाली, वर्षभर मला बोलता येत नव्हतं, तेव्हा हा दर आठवड्याला माझ्या घरी येऊन बसायचा. यानं माझी जागा घेतली नाही, सांभाळली. मग दोघे गळ्यात हात घालून गायले. ती रिकामी जागा आली तेव्हा हजारो माणसांनी ओळ म्हटली. माझ्या छातीत खरंच धक्का बसला, कापसाचे बोळे असूनसुद्धा.

शेजारी बघितलं तर जावईबापू खाली गवतावर बसलेले. ओळ त्यांनी म्हटली नाही.

घरी येताना एकदाच बोलले. म्हणाले, "त्यांचं कधी भांडणच नव्हतं, मामा." मी म्हटलं, नव्हतं खरं.

तिसऱ्या दिवशी जाकिटाची घडी हातावर टाकून ते दारात उभे. मला म्हणाले, चला माझ्याबरोबर. एकट्याचा पाय उचलत नव्हता, कळत होतं. रस्ताभर मी त्यांना बोलायचं काय ते शिकवत होतो. आधी चुकलो म्हणा, मग बाकीचं. ते हो हो म्हणत होते. दुकानापाशी पोचल्यावर मी मुद्दाम बाहेर थांबलो. समोरच्या किल्ल्या बनवणाऱ्याच्या बाकावर बसलो. काचेतून सगळं दिसत होतं, ऐकू मात्र काही येत नव्हतं.

टाचणी मशीनवरून उठला. केस पिकले होते, बाकी तसाच. जावईबापूंनी जाकीट टेबलावर पसरलं, पाठ वर करून. त्यांचे ओठ हलले. किती हलले ते काही कळलं नाही, पण फार नाही. टाचणीनं हाताचा पंजा त्या गडद चौकोनावर ठेवला, जरा वेळ. मग तो वळला, बटणांचा खण उघडला आणि त्यातून तो तुकडा काढला. पाच वर्षं ठेवला होता! इस्त्री केलेला, कडा सरळ. मी किल्लीवाल्याच्या मांडीवर थाप मारली. म्हटलं, जमलं. त्याला बिचाऱ्याला काय जमलं ते कळेना.

टाचणीनं तोंडातल्या टाचण्या काढल्या, काहीतरी विचारलं, जावईबापूंनी उत्तर दिलं आणि त्यानं कागदावर काही लिहिलं. मग तुकडा चौकोनावर ठेवून चार कोपऱ्यांना चार टाचण्या लावल्या आणि जाकीट बाकीच्या गिऱ्हाइकांच्या कपड्यांबरोबर खुंटीवर टांगलं.

जावईबापू बाहेर आले. हातात दुकानाची चिठ्ठी. मी उठून गेलो आणि विचारलं, अहो, बोलला का तो? काय म्हणाला?

ते म्हणाले, "नाव विचारलं, मामा. चिठ्ठीवर लिहायचं म्हणून. आणि मी सांगितलं हो, आडनावासकट."