खून गाण्यात झाला होता

सिनेमे काढणाऱ्या नंदवानी शेठचं नाव काढलं की माझं टाळकं अजून सटकतं. कारण किश्वरआपा.

आपा उभी हयात सिनेमात नाचली, पण कायम मागच्या ओळीत. मी हेअरड्रेसर, तिचे गजरे मीच माळायचे. तिची लेक सदफ इंग्लंडात लेस्टरला दिलेली. तिथली सासू चारचौघांत टोमणा मारायची, "सूनबाईची आई सिनेमात आहे म्हणे! आम्हाला कशी कधी दिसत नाही?" सदफ फोनवर रडायची आणि इकडे आपाला जेवण जायचं नाही.

मग शेठचा खुनाचा सिनेमा आला. मेंदीच्या गाण्यात नाच बसवणाऱ्या रॉकी मास्टरनं आपाला पुढं ओढलं. "आपा, तुम्ही मोलकरीण. सरबताचा ट्रे घेऊन नाचत यायचं. हिरव्या खड्याच्या अंगठीचा हात पेल्यात विष टाकतो, ते बघून थिजायचं. पडदाभर फक्त तुमचा चेहरा!" शेवटी इन्स्पेक्टर निरोप घेताना नवरीच्या दिराशी हात मिळवतो, बोटात तीच अंगठी, आणि सिनेमा संपतो.

इथं सिनेमा आठवड्यात आपटला. मग तो परदेशात ऑनलाइन लागला आणि लोकांनी डोक्यावर घेतला. म्हणे गाणी नाहीत, नाच नाही, सरळ खून! शेठनं बाहेरच्यांसाठी गाणी अख्खीच्या अख्खी उचलून फेकली होती. आत काय आहे ते बघायची तसदीसुद्धा घेतली नाही. गाण्यात काही घडत नसतं असं धरून चालायचं, ही आमच्या लाइनीची जुनी खोड.

मी तडक ऑफिसात गेले. "शेठ, अहो खून त्या गाण्यातच होता!"

"मोना, त्यांना खून हवाय, ठुमके नकोत. लोक काय लिहितात बघ, शेवट किती खोल आहे म्हणून!"

"खोल? डोंबल! तुम्ही अर्धा सिनेमा कापलात!"

"तू केस विंचर," शेठ म्हणाला आणि फोनकडे वळला.

तोवर आपानं सदफला सांगून टाकलं होतं, रविवारी सासरच्या सगळ्यांना टीव्हीपुढं बसव. ती इतकी खुशीत होती की माझी जीभच रेटेना. रविवारी संध्याकाळी मी तिच्या डोक्याला तेल लावत होते, तेव्हा फोन वाजला. आपानं तो स्पीकरवर टाकला.

"अम्मी, सिनेमा झकास! कुणी जागचं हललं नाही. पण..." सदफचा आवाज खाली आला. "तू कुठं होतीस गं? मी डोळे फाडून बघत होते."

"असेल मागं कुठंतरी," मागून सासू म्हणाली. "ते जाऊ दे, खून केला कुणी ते विचार. आमची इथं भांडणं लागलीत."

आपानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी तेलाची वाटी खाली ठेवली, पण तिच्या नजरेला नजर देता येईना. तिला काय कळायचं ते कळलं.

"सदफ, फोन सासूबाईंना दे," ती म्हणाली. "विहीणबाई, दिरानं मारलं. सरबतात विष घालून."

"कशावरून? सिनेमात तर कुठं दाखवलं नाही!"

"मी तिथंच होते," आपा म्हणाली. "ट्रे माझ्याच हातात होता."