मुलुंडचं घर विकलं तेव्हा
आईच्या खुब्याचं हाड मोडलं आणि ती घाटकोपरला माझ्याकडे राहायला आली, तेव्हापासून तिचं मुलुंडचं घर बंद होतं. वडील आधीच गेलेले, मी एकुलती एक. दर रविवारी आईला जेवायला घालून मी मुलुंडला जायचे, खिडक्या उघडायचे, फरशी पुसायचे, नळातलं गंजकं पाणी वाहू द्यायचे आणि परत यायचे. सोमवारी शाळेत फळ्यासमोर उभं राहवत नसे. असं दीड वर्ष चाललं.

मिस्टर म्हणायचे, "विकून टाक आणि मोकळी हो." माझा जीव होत नव्हता. मी भाडेकरू शोधला.

आईच्या दवाखान्यातली एक नर्स नवऱ्याला घेऊन घर बघायला आली. नवीन लग्न, सासरी एका खोलीत नऊ माणसं. खिडकीखालची जागा तिने वितीने मोजली. "शिवणयंत्र मावतंय हो!" ती नवऱ्याला म्हणाली. मला ती फार आवडली. अकरा महिन्यांचा करार करायचं ठरलं.

घरी येऊन आईला सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"भाड्यान देव नको. ती जावची नाय."

"का नाही जाणार? चांगली माणसं आहेत गं."

"आमी पण चांगलीच होतो."

मग तिने सांगितलं. परळच्या ज्या खोलीत माझं बालपण गेलं, ती वडिलांनी एका विधवेकडून सहा महिन्यांसाठी घेतली होती. बारा वर्षं सोडली नाही. ती बाई खोली मागायला यायची. वडील मिलमध्ये असले, की आई आतून कडी घालून मला मांडीवर दाबून धरायची. शेवटी त्या बाईनेच पैसे मोजून आम्हाला बाहेर काढलं. त्या पैशांत मुलुंडचं घर झालं.

मला यातलं काहीच आठवेना. "इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"इचारलंस कधी?"

वाद घालायचं त्राण माझ्यात नव्हतं. नर्स शाळेच्या फाटकाशी भेटायला आली. मी खोटंच सांगितलं, गावचे नातेवाईक राहायला येतायत.

"बाई, अकरा महिन्यांनी आम्ही सोडलं असतं हो."

मी फाटक ओढून घेतलं.

पुढच्या महिन्यात एका कापडवाल्याने घर विकत घेतलं. सोसायटीच्या ऑफिसात सह्या करून आले, तर आईने एवढंच विचारलं, "घेणारो थय रवतलो मा?"

"हो, राहणार," मी म्हणाले. तो तिथे माल ठेवणार होता.

त्यानंतरच्या रविवारी जेवून आडवी झाले, ती दिवेलागणीला उठले. रविवार मोकळा झाला की बरं वाटेल असं वाटलं होतं. मिस्टरांनी केलेला चहा प्याले आणि आईची कूस बदलायला गेले.