उलटवायचे राहिलेले पापड

लकव्यानं माझ्या उजव्या हाताची बोटं मिटेनाशी झाली, तेव्हा माझी लेक विद्यापीठात रबराच्या मागं लागली होती. रबर म्हणजे पेन्सिल खोडायचं नव्हे हो! लिक्विड क्रिस्टल इलॅस्टोमर. हे नाव जिभेवर बसायला मला अख्खा पावसाळा लागला. ती सांगायची, त्याच्या आत काडेपेटीतल्या काड्यांसारखे बारीक कण एका दिशेनं निजलेले असतात. ऊब लागली की ते विस्कटतात आणि रबराची पट्टी आखडते. गार झाली की पुन्हा होती तेवढी. पण एक अंग दुसऱ्यापेक्षा जास्त आखडलं, तर पट्टी त्या अंगाला वाकते. बोट वाकतं तशी.

तिथंच तर सगळा जीव अडकला होता तिचा. अशी पट्टी आईच्या बोटाला बांधायची, पट्टी वाकली की बोटही वाकेल, आणि आई स्वतःच्या हातानं भाकरी मोडेल. पण पट्टी वाकतच नव्हती. तापवली की सरळच्या सरळ आखूड व्हायची. तिच्या विद्यापीठातल्या सरांनी सांगून टाकलं, दिवाळीपर्यंत वाकली नाही तर विषय बदला.

पोरीचं जेवण तुटलं. ताटावर बसायची, मी डाव्या हातानं आमटी-भात चिवडताना बघायची आणि उठून जायची.

"सोड गं तो नाद. डावा हात हाय की मला."

"आई, तू गप बस."

शेजारच्या वहिनींना तर राहवायचं नाही. "रबर वाकवायला एवढं शिकायला लागतंय व्हय? आमची चप्पल रोज वाकतीया."

"वहिनी, तुमच्या चपलेत पाय असतोय," मी म्हणायचे. हसायचे, आणि आत जाऊन पदर तोंडाला लावायचे.

त्या उन्हाळ्यात आम्ही पळीपापड घातले. आमचं घर कळंब्याला, गच्चीवर ऊन मोप. वहिनींनी प्लॅस्टिकवर पळीपळीनं पीठ ओतलं आणि त्या गेल्या. उलटवायचं काम दरवर्षी माझं. वरचं अंग सुकलं की पापड अलगद सोडवून पालथा घालायचा, म्हणजे सपाट राहतो. एका हातानं सोडवायला गेले तर फाटला. पुढचाही फाटला. मग मी भिंतीला टेकून नुसती बसून राहिले, काय सांगू तुम्हाला. लेक आली तोवर सगळ्या पापडांच्या वाट्या झाल्या होत्या, कडा वर वळून.

"उलटवले न्हाईस?"

"कशानं उलटवू?"

ती खाली बसली. एक पापड हातात घेऊन बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "आई, मी उलटवते."

"आता काय उलटवतीस? वाळले की."

"पापड न्हाय गं. पट्टी."

पट्टीचा रस पातळ ओतायचा आणि वरून दिव्याचा उजेड सोडायचा, की तो घट्ट होतो. लहानपणापासून माझ्यासंगं गच्चीवर पापड उलटवलेली ती; हाताला तीच सवय. पट्टी जरा आळली की पालथी घालायची, दोन्ही अंगं सारखी घट्ट व्हायची. दोन्ही सारखी, तर दोन्ही सारखीच आखडणार. वाकणार कशाला?

पुढची पट्टी तिनं उलटवली नाही. ती वाकली. घरी आणून तिनं चिमट्यात धरून तापल्या तव्यावर टेकवली, तर तान्ह्या पोराचं बोट मिटावं तशी वळली बघा. वहिनी ओरडल्या, "जोतिबाला गुलाल वाहायचा आता!"

लेकीचं तोंड मात्र उतरलेलं. "आई, हिला तव्याएवढी ऊब लागते गं."

मी हात पुढं केला. "ठेव की. माझ्या बोटांना कुठं कळतंय?"

"भाजंल!"

"भाजू दे. एकदा वाकलेलं बघू दे मला."

ती नको नको म्हणत रडायलाच लागली. तरी मी हात मागं घेतला नाही. शेवटी तिनं पट्टी उचलली, फुंकर घातली आणि माझ्याकडं वळली. तव्यापासून माझ्या हातापर्यंत अंतर ते केवढं! तेवढ्यात पट्टी चिमट्यातच उलगडली. बोटावर टेकली तेव्हा फितीसारखी सरळ, कोमट.

तिनं पुन्हा तापवली. पुन्हा तेच. मग मीच डाव्या हातानं गॅस बंद केला.

वहिनी घरी गेल्या. लेकीनं माझी बोटं आपल्या मुठीत घेतली आणि मिटली. किती वेळ तशीच धरून बसली होती. मग मूठ सोडली. बोटं उघडलीच.