आप्पांची बातमी आणि तेलाची मोफत बाटली

आमचे आप्पा वारले, तेव्हा परदेशातल्या माझ्या धाकट्या भावाला घरून पहिली बातमी मिळाली ती अशी, की केसांच्या तेलाची पहिली बाटली मोफत आहे.

हे मी थट्टेने सांगत नाही. थट्टा करण्याच्या मनःस्थितीत मी तेव्हा नव्हतो, आताही फारसा नाही. मला संताप आलेला आहे, आणि तो नेमका कुणावर काढावा हे ठरत नसल्यामुळे लिहायला बसलो आहे.

आप्पा म्हणजे माझे वडील. इथे सीमाभागात, शहापुरात, हातमागावर साड्या विणण्यात त्यांचा जन्म गेला. वय झालं होतं. एका सकाळी चहा घेतला, "साखर कमी पडली गं" असं माझ्या बायकोला, सुमनला, म्हणाले, भिंतीला टेकले आणि गेले. (सुमन अजूनही चहात साखर टाकताना थांबते. मी बघत नाही असं दाखवतो.)

धाकटा विलास आखातातल्या एका वाळवंटात गॅसच्या पाइपा टाकायच्या कामावर आहे. तिथे फोन लागत नाही. इंटरनेट मिळतं ते फक्त शुक्रवारी, कंपनीची गाडी त्यांना गावात नेते तेव्हा. इतर दिवशी तळाजवळच्या टेकाडावर उभं राहिलं की साधा एसएमएस तेवढा येतो. आणि आप्पा गेले ते शनिवारी! अग्नी मीच दिला, डोक्यावरचे केस उतरवले, घरी आलो. आता प्रश्न बाराव्याचा होता. पुढच्या शुक्रवारपर्यंत वाट पाहिली तर रजा, तिकीट, विमान, सगळंच हातातून जाणार.

निपाणीहून आलेल्या आमच्या थोरल्या बहिणीने, आक्काने, पदर खोचून जाहीर केलं, "धाकटा आल्याबिगर बारावा व्हायचा न्हाय. आप्पांचा जीव त्याच्यात अडकलाय. त्यो पानावर बसल्याशिवाय आप्पा हितनं हालायचं न्हाईत."

मी माझ्या फोनवरून एसएमएस करून पाहिला. गेला नाही. परदेशी संदेशांची सोय माझ्या फोनला नव्हती. फोनच्या दुकानात गेलो. टेबलामागच्या मुलीने माझ्या तुळतुळीत डोक्याकडे पाहिलं, चेहरा मऊ केला आणि म्हणाली, "सर्वर डाऊन, सर. नाळे बन्नी." दुसऱ्या दिवशी गेलो. "नाळे बन्नी." कन्नडमधलं हे 'उद्या या' आमच्या भागात पाळण्यातल्या मुलालाही कळतं. तो उद्या कधी उजाडतो, हे मात्र कन्नड माणसांनाही ठाऊक नसतं!

त्या दिवशी शेजारचे बाळू अण्णा समाचाराला येऊन बसले होते. अण्णांचे यंत्रमाग आमच्या भिंतीला लागूनच चालतात. आप्पांसाठी त्यांनी ते बंद ठेवले होते, आणि माग बंद म्हणून अण्णांना दुसरं काम नव्हतं.

"सर, कशाला दुकानात हेलपाटं घालताय?" ते म्हणाले. "इंटरनेटवरनं मेसेज जातोय की. फुकट! जगात कुठंबी! मी दिवाळीला समद्या जगाला धाडतो."

"जगात तुमचं कोण असतं, अण्णा?"

"कोण न्हाय. पण जातोय!"

माझ्या जन्मात फुकट मिळालेली वस्तू मला धड लाभलेली नाही. पण दुसरा मार्ग नव्हता. मी फोनवर ते संकेतस्थळ उघडलं. आधी प्रश्न उभा राहिला की लिहायचं काय. सुमन म्हणाली, "सरळ लिहा की हो. आप्पा गेले, लवकर ये."

आक्का किंचाळलीच. "अगं बाई! त्यो वाळवंटात एकटा. कोण पाठीवर हात ठेवणार त्याच्या? असलं थेट सांगतंय व्हय कोण? शिरीयस हाईत म्हणायचं. हितं आल्यावर कळतंयच."

हे तिचं म्हणणं मला पटलं, कारण आमच्याकडे हीच रीत आहे. लांबच्या माणसाला मरण कधी सांगत नाहीत, आजार सांगतात. गाडीतून उतरून गल्लीच्या तोंडाशी आला, माणसं उंबऱ्यावर बसलेली दिसली, की ज्याचं त्याला उमगतं. मी शाळेत मराठी शिकवत आलो आहे. अशा प्रसंगी काय लिहावं, कसं लिहावं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी देवनागरीत, सावकाश, एकेक अक्षर शोधत लिहिलं: 'चिरंजीव विलास यास अनेक उत्तम आशीर्वाद. विशेष लिहिण्यास कारण की, तीर्थरूप आप्पांची प्रकृती...' आणि पुढे सविस्तर. शेवटी रिवाजाप्रमाणे माझं नाव.

बटण दाबलं. 'तुमचा संदेश पोचला' असं हिरव्या अक्षरांत आलं आणि खाली पोचलेला संदेश दिसला:

'चिरंजीव विलास यास अनेक उत्तम आशीर्वाद. विशेष लिहिण्यास कारण की, केस गळतात? आजच मागवा! पहिली बाटली मोफत!'

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. फुकटात मूठभरच अक्षरं जातात, उरलेली कापतात आणि त्या जागी जाहिरात चिकटवतात, असं कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. आशीर्वाद गेले, कारण गेलं, आप्पा राहिले इकडेच!

"अण्णा, हे काय?"

"फुकट हाय न्हवं, सर," अण्णा शांतपणे म्हणाले. "तेल तर असणारच."

एका फोनवरून दिवसाला एकच संदेश. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा बसलो. या खेपेला मायना गाळला (मनाला फार लागलं) आणि लिहिलं: 'आप्पांची प्रकृती चिंताजनक आहे. कृपया त्वरित प्रस्थान करावे.' नावाला जागा उरली नाही. पण त्याचे आप्पा, त्याचा मी, कळेल की!

तेवढ्यात संकेतस्थळाने एक नवाच प्रश्न विचारला, संदेशाचा प्रकार कोणता? खाली यादी होती: वाढदिवस, विवाह, प्रेम, सण, यश, शुभ सकाळ, परिवार. मी ती वरून खाली आणि खालून वर पाहिली. मरण नव्हतं. आजारपणसुद्धा नव्हतं! ही यादी करणाऱ्यांच्या घरी माणसं मरतच नाहीत काय? नुसती वाढदिवसच करत बसतात काय जन्मभर? प्रकार निवडल्याशिवाय संदेश हलेना. मी नाइलाजाने 'परिवार' निवडलं.

हिरवी अक्षरं आली: 'आप्पांची प्रकृती चिंताजनक आहे. कृपया त्वरित प्रस्थान करावे. या आनंदाच्या क्षणी तुमच्या परिवाराला शुभेच्छा!' आणि पुढे एक केक, दोन फुगे.

मी फोन पालथा ठेवला. समोर सतरंजीवर येळ्ळूरचे पाहुणे बसले होते. त्यांतल्या एका म्हाताऱ्या मामांनी हळूच विचारलं, "धाकट्याला कळवलं काय?"

"कळवलं," मी म्हणालो. "शुभेच्छांसह."

विलासचं उत्तर आलं नाही. येणार तरी कसं? संकेतस्थळाकडून संदेश जातो तो कुठल्या तरी भलत्याच देशाच्या नंबरावरून. त्यावर उत्तर दिलं तर ते कुठे जाऊन पडतं हे त्या देशालाच माहीत. आक्काला मात्र वाटलं की माझ्या लिहिण्यात जोर नाही. तिने स्वतःच्या फोनवर तेच संकेतस्थळ उघडलं, मला न विचारता. तिकडे बाळू अण्णांनीही उघडलं, कुणालाच न विचारता. हे मला कळलं दोन्ही संदेश जाऊन पोचल्यावर.

"आक्का, तू काय लिहिलंस?"

"आप्पा जिन्यावरनं पडलं, पाय मोडला, ये म्हणून."

"पडले? मी प्रकृती चिंताजनक म्हटलं होतं!"

"मग पडल्यावर चांगली ऱ्हाती व्हय प्रकृती?"

"आणि तुम्ही हो अण्णा?"

अण्णांनी खाली पाहिलं. "मी हार्ट अटॅक दिला, सर. लवकर निघंल म्हटलं. प्रकार विचारला तर शुभ सकाळ दाबलं. सकाळच हुती न्हवं." त्यांनी फोन पुढे केला. 'आप्पांना हार्ट अटॅक आलाय, ये', आणि खाली दोन डोंगरांमधून हसत हसत उगवणारा सूर्य!

आता इकडे माझा फोन वाजू लागला. मला हायसं वाटलं, विलासचाच असणार. मी बाहेर ओट्यावर जाऊन उचलला. पलीकडे एक गोड आवाज. आधी कन्नड, मग हिंदी.

"सर, आपके बाल झड़ रहे हैं क्या?"

"झड़ गये," मी म्हणालो.

"कितने, सर?"

"सब."

"ओहो! कब से?"

"इसी हफ्ते. एकदम."

पलीकडे कळफलक खडखडला. मग तीच गोडी: "तो सर, आपको दो बोतल लगेंगी."

मला राग अनावर झाला. मी त्या बाईला शुद्ध मराठीत चार शब्द सुनावले. ती "थँक यू सर" म्हणाली. तिला नंबर दिला होता तो मीच, संकेतस्थळाच्या एका चौकोनात, माझ्या हाताने! मग दिवसभर तेच. तेल झालं, कर्ज झालं, गोव्यात मोफत सहल झाली. घरात बायका आप्पांची आठवण काढून डोळे पुसतायत आणि मी ओट्यावर टकलावर ऊन घेत सहल नाकारतोय!

बुधवार गेला, गुरुवार गेला. बाराव्याची तयारी थांबून होती. आक्का जेवत नव्हती. तिचं एकच, "आप्पा खोळंबल्यात रं." मी रोज संदेश पाठवत होतो, रोज केक जात होता, आणि वाळवंटातून एक अक्षर येत नव्हतं. मला आता दुसरीच भीती वाटायला लागली होती. पोरगं बरं आहे ना?

शुक्रवारी दुपारी घरात फोन वाजला. माझा नव्हे, आक्काचा नव्हे. आप्पांचा! विलासचा चेहरा बघता यावा म्हणून त्यानेच त्यांना तो मोठ्या पडद्याचा फोन घेऊन दिला होता. आप्पांच्या फोटोशेजारी, समईच्या उजेडात तो पडलेला होता. तो बंद करायला कुणाचा हात झाला नव्हता. सगळे त्याच्याकडे बघत राहिले. मी पुढे होऊन उचलला. पडद्यावर धुळीने माखलेला विलास, आणि त्याने मला तोंड उघडूच दिलं नाही.

"आप्पा कुठं हाईत? दादा, आधी आप्पांना सांग, सावध ऱ्हावा म्हणून! त्यांच्या नावानं चोर लागल्यात माझ्या मागं. रोज नव्या नंबरावरनं मेसेज! एक म्हणतोय प्रकृती चिंताजनक, एक म्हणतोय हार्ट अटॅक, एक म्हणतोय जिन्यावरनं पडले. अरं, आपल्या घराला जिना तरी हाय काय!"

मी आक्काकडे पाहिलं. आक्का छताकडे पाहू लागली. खरंच, आमचं घर बैठं. आजवर हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं!

"समद्यांना ब्लॉक केलो बघ," विलास म्हणत होता. "केक काय, फुगं काय! आता पैसं मागतील म्हणून वाट बघत हुतो. आप्पांना दे की फोन. हसतील ऐकून..."

आणि तो थांबला. मी इतका वेळ फोन तोंडाजवळ धरला होता, तो आता नकळत लांब गेला होता. विलास माझ्या डोक्याकडे बघत होता.

माझा हात आपोआप डोक्यावर गेला.

"दादा," तो म्हणाला. "कवा?"

"शनिवारी."

मग आक्काने माझ्या हातातून फोन घेतला, पडदा छातीशी धरला, आणि ती आणि तो दोघेही रडू लागले. सुमनने मला हाताला धरून आत नेलं.

तो आला. कंपनीच्या साहेबापुढे धरणं धरून रजा घेतली, गोव्याला उतरला आणि तिथून गाडी करून बाराव्याच्या आदल्या संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी पोचला. बारावा यथासांग झाला. आप्पांच्या फोटोसमोर त्याने पान मांडलं तेव्हा आक्काने कितीतरी दिवसांनी खोल श्वास सोडला. "आता जातील," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा पोटभर जेवली.

पाहुणे पांगल्यावर आम्ही ओट्यावर बसलो होतो. विलासने फोन काढून ते सगळे संदेश मला दाखवले. मला वाटलं, निदान आता तरी आक्काला आणि अण्णांना चार शब्द ऐकावे लागतील.

"त्या दोघांनी घोळ घातला," मी म्हणालो. "जिना काय, सूर्य काय. नाहीतर तुला वेळेत कळलं असतं."

"न्हाय दादा," विलास म्हणाला. "ती दोन वाचून मी जरा घाबरलोच हुतो. गावाकडचं कोण तरी बोलतंय असं वाटत हुतं. निघावं काय म्हणून साहेबाकडं जायला उठलो बी हुतो. मग तुझा मेसेज परत वाचला आणि खात्रीच झाली, की समदं खोटं हाय."

"माझा? माझ्यात काय खोटं वाटलं तुला?"

"'कृपया त्वरित प्रस्थान करावे!'" त्याने सावकाश वाचलं. "बाप मरायला लागल्यावर आपल्या घरात असं कोण बोलतंय रं?"

या सीमाभागात मराठी टिकावी म्हणून मी जन्मभर शाळेत घसा कोरडा केला. ती टिकली. समुद्र ओलांडून पार वाळवंटातल्या टेकाडावरसुद्धा पोचली. आणि तिथे माझ्या सख्ख्या भावाने ती ब्लॉक केली!