मला नास्तिक कुणी मानेना!

ज्या घरात भजनी मंडळाचे टाळ ठेवतात, त्या घरात किस्से साठतातच. आमच्या घरी तर टाळ मोजून अठरा जोड आहेत. किस्से मोजायचं मी सोडून दिलंय!

एम.एस्सी. होऊन काशीदजवळच्या आमच्या गावी परत आले आणि जाहीर केलं, "मी नास्तिक आहे. सप्ताहातला माझा पहारा काढा." सप्ताहात वीणा सात दिवस खाली टेकवत नाहीत, माणसं पाळीपाळीने ती धरून उभी राहतात, तो पहारा. यादी करत होते तात्या. माझे मोठे काका आणि मंडळाचे बुवा. मान वर न करता म्हणाले,

"बरं. मग सकाळचा नको, दुपारचा देतो."

त्याच सप्ताहात बाहेरगावचे कीर्तनकार गरजले, "नास्तिकाच्या सावलीलाही उभं राहू नका!"

मी ताडकन उठले. "महाराज, मी नास्तिक. थांबू की जाऊ?"

महाराज गडबडले. मागून आमची काकी, म्हणजे तात्यांची बायको, ओरडली, "उठलीच आहेस तर पंगतीची पानं मांड गं!"

तात्यांशी वाद घालावा, तर ते त्याहून भारी. "रावण, कंस, हिरण्यकशिपू, सगळे देवाच्या नावाने बोटं मोडत होते. सगळे तरले. उठताबसता त्याचाच विचार ना!"

"म्हणजे मीसुद्धा?"

"तू आमच्या आधी. आम्ही तासभर नाव घेतो, तू दिवसभर भांडतेस."

इतकी चिडले, की आठ दिवस देवाचा विषयच काढला नाही. नवव्या दिवशी काकीने नारळ फोडला. "पोरीचं व्रत पार पडलं!"

मग एकादशीला मुद्दाम बांगडे आणायला किनाऱ्यावर गेले. मासेवाल्या मावशीने पाटीवर फडकंच टाकलं.

"आज तुला न्हाय देणार. तुजी काकी उपाशी हाय, तिला वास जाईल."

"मावशी, मी देव मानत नाही!"

"नको मानूस. मला मान. उद्या ये."

या मार्चमध्ये काकी गेली. ताप आला आणि अलिबागला नेईपर्यंत संपलंच. भेटायला येणारा प्रत्येकजण तात्यांना तेच सांगायचा. "चांगली माणसं देवाला लवकर हवी असतात." "त्याची इच्छा, बुवा." "तुम्ही तर आम्हाला शिकवता, तुम्हाला काय सांगायचं!" तात्या भिंतीला टेकून मान डोलवायचे. मी आतबाहेर फेऱ्या मारायचे, दात आवळून.

चौथ्या दिवशी दुपारी मंडळ भजनाला आलं. ओटीवर सतरंजी पडली, मृदंग लागला. तेवढ्यात आतल्या खोलीतून तात्यांनी मला हाक मारली. गेले. ते खाटेच्या कडेला बसले होते.

"तू अजून नास्तिकच आहेस ना?"

"हो, तात्या."

"नक्की?"

"नक्की."

"मग दार लाव आणि इथे बस."