पांढऱ्या साडीवर गोट्याची पिचकारी

मंडळी, आज पौर्णिमा, म्हणून सकाळी पांढरी साडी नेसून विहारात वंदनेला निघाले होते. दारात चपला घालते तोच आमचा ससा गोट्या आला, पायांभोवती दोन गिरक्या घेतल्या आणि निऱ्यांवर लघवीची पिचकारी मारून पळाला. परवा गाऊनवर, आज साडीवर.

वंदना राहिली. रागारागात त्याला टोपलीत घातलं आणि जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं.

"ओरडून उपयोग नाई, ताई," ते म्हणाले. "नर वयात आला हाय. ज्याले आपलं समजते, त्याच्यावरच उडवते. नसबंदी केली तं बहुतेक थांबते. पण मी गाई-शेळ्या पाहतो, सशाले भूल देणं मले जमत नाई. नागपूरले न्या."

भूल म्हटल्यावर मी टोपली उचलून सरळ घरी आले.

गोट्या खरं तर लेकीचा. ती शिकायला पुण्याला गेली आणि हा माझ्या गळ्यात पडला. तिला फोन केला, तर रुसून म्हणते, "माह्यावर तं त्यानं कधीच नाई उडवलं."

तुमच्यापैकी कुणी सशाचं ऑपरेशन केलंय का? नीट शुद्धीवर आला ना? लवकर सांगा. तो परत पायांभोवती फिरायला लागलाय, आणि मला पाय मागे घेववत नाहीये.