उत्तर न जुळवणारे गांगुर्डे सर

गांगुर्डे सरांची आणि माझी ओळख कोऱ्या चहाने झाली. आणीबाणी उठली त्या वर्षी मी नाशिकच्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायला रुजू झाले. पहिल्याच दिवशी शिपाई रामभाऊ म्हणाले, "बाई, दूध फिजिक्सच्या सरांनी नेलं. थेंब पाडायला."

हा काय प्रकार म्हणून मी बघायला गेले. भर दुपारी खिडक्यांवर घोंगड्या टाकून सर अंधारात बसले होते. दुधाचा थेंब काचेवर आदळला आणि त्याच क्षणी सरांनी स्वतः जोडलेला फ्लॅश चमकला. डोळ्याला कधीच न दिसणारी गोष्ट फोटोत उतरली होती. थेंब फुटताना उभा राहणारा दुधाचा मुकुट. बहुतेक मुकुट मात्र वाकडे, एका बाजूला फाटलेले होते.

प्रयोगशाळेतली आमची मुले लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वाकर्षणाचे उत्तर पुस्तकातून आधी उतरवून घेत आणि आकडे मागाहून जुळवत. मालेगावच्या एका मुलीने आले तसे चुकलेले उत्तर लिहिले आणि रडू लागली. सरांनी तिला पैकीच्या पैकी गुण दिले. मग लंबकाचा दोरा कुठे घासतो, ते तिच्याबरोबर बसून शोधले.

नाशिकला एम.एस्सी.चे वर्ग निघावेत, मुलांना पुण्याला जावे लागू नये, हे त्यांचे एकच स्वप्न. त्यासाठी विद्यापीठाची पाहणी समिती येणार होती. समितीला दाखवायला प्राचार्यांनी एका गोल, देखण्या मुकुटाचा फोटो निवडला. "बाकीचे बाजूला ठेवा. जरा जुळवून घ्या, गांगुर्डे."

"जुळवायला ही काय पत्रिका आहे, सर? थेंब असेच पडतात."

सगळे फोटो भिंतीवर लागले. समितीतल्या एकांनी विचारले, "उपकरण तिरकं बसलंय का?"

"असेलही," सर म्हणाले. "काच सपाट करून पुन्हा काढले, तरी असेच आले. कारण मला अजून कळलेलं नाही."

परवानगी मिळाली नाही. मला समितीचा संताप आला आणि खरे सांगायचे तर सरांचाही. ते शेवटचे वाक्य गिळले असते तर काय बिघडले असते? दुसऱ्या दिवशी सर नेहमीसारखे वेळेवर तासाला उभे होते. तेव्हा माझा राग ओसरला आणि आदर तेवढा उरला.

आज सर साठी पूर्ण करत आहेत. अशा वेळी 'शतायुषी व्हा' म्हणायचा रिवाज आहे. पण सर लगेच विचारतील, "बाई, उत्तर आधीच लिहून ठेवलंत?" म्हणून आकडा लिहीत नाही. सर, आपण निरोगी राहा, भरपूर जगा. मोजायला आम्ही आहोत.